आईने एखादी मालिका पहिल्या प्रसंगापासून शेवटच्या प्रसंगापर्यंत पाहिल्याचे कोणाला आठवते का?

अनगोळची_आई

नमस्कार मंडळी. गेली सतरा वर्षे आमच्या घरात रोज संध्याकाळी सात ते साडेनऊ टीव्ही चालू असतो, आणि या सतरा वर्षांत मी एकही भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यांनी पाहिलेला नाही, हे परवा आमटीला फोडणी देताना माझ्या एकदम लक्षात आले. मी मालिका पाहत नाही, ऐकते. आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशीच फ्रिज आहे, त्यामुळे ओट्यापाशी उभे राहिले की पडद्याचा फक्त वरचा डावा कोपरा दिसतो. त्या कोपऱ्यात फार तर एखादे झुंबर किंवा उंच नटाचे केस येतात. बाकी सगळी माणसे मी आवाजावरून ओळखते आणि त्यांचे चेहरे माझे मीच ठरवलेले आहेत. सध्याच्या मालिकेतली मोठी सून माझ्या मते उंच, सडसडीत आणि बाकदार नाकाची आहे, कारण इतक्या थंड आवाजात जावेचा पाणउतारा करणारी बाई गोल चेहऱ्याची असूच शकत नाही.

या मोठ्या सुनेने गेले चार महिने एक पत्र लपवून ठेवले आहे. ते पत्र कोणी लिहिले, हे आतापर्यंत दोनदा उघड होता होता राहिले. एकदा लेखकाने राखून ठेवले आणि एकदा माझ्या कुकरने. बाहेर जाऊन विचारावे तर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणतात, "गप की गे, ऐकू दे," आणि त्यांचे ऐकून होईपर्यंत जाहिराती लागतात. जाहिराती लागल्या की सगळे घर काहीतरी मागायला स्वयंपाकघरात येते आणि मला बाहेर जाऊन टेकायला मोकळी जागा मिळते. त्यामुळे मी आयुष्यात अथपासून इतिपर्यंत काय पाहिले असेल, तर ते जाहिरातीच. कपडे धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीतली आई मला सख्ख्या जावेपेक्षा जास्त ओळखीची आहे.

घरातल्या इतरांचे म्हणाल, तर हे बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून दमून येतात आणि रिमोट हातात धरूनच झोपतात. रिमोट हळूच काढून घेतला की "बघालोय की!" म्हणून जागे होतात आणि पुन्हा झोपतात. मुलगा कानांत बोंडे घालून मोबाइलवर सगळे दीडपट वेगाने पाहतो. मुलगी सातवीत आहे आणि तिला कन्नडचा गृहपाठ नेमका पत्राचा विषय निघाला की आठवतो.

तुमच्या घरी काय परिस्थिती आहे? आपल्या आईने एखादी गोष्ट पूर्ण पाहिल्याचे कोणी पाहिले आहे का? उपाय जरूर सुचवावेत, परंतु फ्रिज हलवा असे कृपया सांगू नये, कारण घरात त्याला पुरेल असा प्लग तेवढाच एक आहे.

खानापूर_रोड

ताई, फ्रिज हलवा.

वडगावची_मागवाली

तुमचा धागा वाचून मला हसावे की रडावे ते कळेना, कारण माझे अगदी उलटे आहे. तुम्ही ऐकता आणि पाहत नाही. मी पाहते, पण मला ऐकू येत नाही. वडगाव-शहापुरात ज्यांच्या घरी यंत्रमाग आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. आमच्याकडे बाहेरच्या खोलीत दोन माग आहेत आणि समोरच्या भिंतीवर टीव्ही आहे. माग चालू असताना तोंडाशी कान नेल्याशिवाय माणसाचे बोलणे कळत नाही, तिथे टीव्हीचे काय कळणार? सूत तुटले की माग थांबतो, तेवढ्यात एखादे वाक्य कानावर पडते. मग गाठ मारून माग सुरू केला की पुन्हा खटाखट. त्यामुळे मालिकेतली माणसे काय बोलत असतील, ते मी त्यांच्या भुवयांवरून ठरवते.

तीन वर्षे मी ज्याला नायिकेचा दीर समजत होते तो तिचा वकील होता, हे मला लाइट गेल्याच्या दिवशी शेजारणीकडून कळले. तुमच्या त्या बाकदार नाकाच्या सुनेबद्दलही मला काही सांगायचे होते, पण तुमचा हिरमोड व्हायचा, म्हणून राहू दे.

अनगोळची_आई

मागवाली ताई, म्हणजे तुमच्याकडे चित्र आहे आणि माझ्याकडे आवाज आहे. आपण दोघी मिळून एक मालिका पूर्ण पाहू शकू असे दिसते. नाकाबद्दल मात्र काही सांगू नका.

निपाणीकर

माझी आई विड्या वळायची. निपाणीच्या ज्या गल्लीत मी वाढलो, तिथे दुपारी प्रत्येक उंबऱ्यावर सूप मांडीवर घेतलेली एक बाई दिसायची. सुपात तंबाखू आणि कातरलेली पाने, आणि डोक्यावरच्या कोनाड्यात रेडिओ. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ साली सुरू झाले आणि आमच्याकडे ते स्वच्छ लागायचे. आईचे डोळे पानावर, बोटे दोऱ्यावर आणि कान सांगलीवर असायचे. ती वेळ घड्याळात मोजत नसे. "नाटक चांगलं होतं, पन्नास विड्यांचं होतं," असे ती सांगायची. अर्ध्या तासात तिच्या साधारण तेवढ्या विड्या व्हायच्या. नाटक फारच रंगले, तर मात्र विड्या चाळीसच भरायच्या, आणि त्या दिवशीच्या श्रुतिकेला तिच्या लेखी तेच प्रशस्तिपत्र होते.

पुढे घरात टीव्ही आला, तेव्हा तिने पहिल्याच आठवड्यात तक्रार केली की, हे यंत्र हाताला काम करू देत नाही. मग ती टीव्हीकडे पाठ करून बसू लागली. तेव्हा ताई, तुम्ही ऐकता यात काही कमी आहे, असे मला वाटत नाही.

सरळ_हिशेब

मला हा सगळा सूर पटलेला नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. आजच्या काळात कोणतीही मालिका मोबाइलवर हव्या त्या वेळी पाहता येते, हवी तिथे थांबवता येते आणि मागेही नेता येते. दुपारी घर रिकामे असताना आई अर्धा तास बसू शकत नाही, असे कोणी सांगितले तर मी विश्वास ठेवणार नाही. आपल्याकडे बायकांनी स्वतःला शेवटी ठेवायचे आणि नंतर त्याचे कौतुकाने गाऱ्हाणे करायचे, ही एक रीत झाली आहे. पत्र कोणी लिहिले ते इंटरनेटवर अर्ध्या मिनिटात सापडेल. शोधून सांगू का?

अनगोळची_आई

दादा, अजिबात सांगू नका. चार महिने थांबले आहे, ते फुकट जाईल. तुमचा मुद्दा मात्र मी मनावर घेतला आणि आज दुपारी मोबाइल घेऊन बसलेही. पहिल्या पाच मिनिटांत सिलिंडरवाला आला, मी भाग थांबवला. मग आत्तींना औषधाची आठवण करून दिली, थांबवला. मग मुलीच्या शाळेतून निरोप आला, थांबवला. बावीस मिनिटांचा भाग दीड तासात सोळा मिनिटांपर्यंत पोचला, तेव्हा दूध उतू गेले. थांबवण्याची सोय मालिकेला आहे हो, बाकी कशालाच नाही. शिवाय खरे सांगायचे तर दुपारी एकटीने पाहण्यात काही गंमत वाटली नाही. "गप की गे" म्हणणारे कोणी नव्हते.

खानापूर_रोड

दूध फ्रिजमध्ये ठेवले असते तर उतू गेले नसते. मी पुन्हा फ्रिजकडेच येतो आहे, हे सुज्ञांच्या लक्षात आले असेल.

निवृत्त_मास्तर

मूळ प्रश्न आहे, आईने एखादी गोष्ट पूर्ण पाहिल्याचे कोणी पाहिले आहे का. मी पाहिले आहे, परंतु त्यासाठी तेहतीस वर्षे लागली.

२५ जानेवारी १९८७ रोजी दूरदर्शनवर रामायण मालिका सुरू झाली. आमच्या गल्लीत तेव्हा तीन टीव्ही होते आणि त्यांतला एक आमच्याकडे. दर रविवारी सकाळी सव्वानऊला दारात चपलांचा ढीग पडायचा. काही आजीबाई पडद्याला हात जोडून बसायच्या, कोणीतरी उदबत्तीही लावायचे. गच्चीवर मला उभे केलेले असायचे, कारण वारा सुटला की अँटेना फिरायची आणि रामाच्या जागी मुंग्या दिसायच्या. खालून "आला, आला" अशी आरोळी आली की मी हात सोडायचा, आणि हात सोडला की पुन्हा "गेला, गेला". या सगळ्या काळात माझी आई स्वयंपाकघरात तीस-चाळीस माणसांचा चहा करत असे. मधूनच आतून विचारायची, "नेली काय सीतेला?" ३१ जुलै १९८८ रोजी मालिका संपली, तेव्हा तिने चहा पुष्कळ पाजला होता आणि भाग एकही धड पाहिला नव्हता. मात्र तिचे काही अडले नव्हते. पुढे काय होणार ते तिला आधीपासून ठाऊक होते. आजच्या मालिकांत ती सोय नाही, म्हणून अनगोळच्या ताईंना कुकरची शिट्टी इतकी महाग पडते.

२०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदीत तीच मालिका पुन्हा दाखवली. आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची होती. पाहुणा येण्याची शक्यता नव्हती, चहाला कोणी नव्हते. तिला आम्ही अगदी समोर खुर्चीत बसवले आणि तिने तिथे बसून सगळी मालिका पाहिली. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाली, "असे दिसत होते होय सगळे!" तरीही प्रत्येक जाहिरातीला ती खुर्चीतून उठायची आणि दारापर्यंत जाऊन कोणी आले नाही ना, ते बघून यायची.

मारुती_गल्ली

मास्तर, सुंदर लिहिले आहे. मालिकांचे जाऊ दे, मी माझ्या स्वतःच्या मुलाला पाहू शकले नाही, त्याचे सांगते.

आपल्याकडे वैशाखातल्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक म्हणजे काय असते, ते बेळगावकरांना ठाऊक आहे. रात्रभर एकामागून एक रथ येतात आणि त्यांवर जिवंत देखावे असतात. त्या वर्षी आमच्या मंडळाच्या रथावर माझा नऊ वर्षांचा मुलगा मावळा होता. आठ दिवस मी अंगरखा शिवत होते, कारण मंडळाने दिलेला अंगरखा थोरल्या माणसाच्या मापाचा होता. मिश्या गोंदाने चिकटवल्या, त्या घामाने सुटल्या, पुन्हा चिकटवल्या. दुसऱ्या खेपेला घाईत एक मिशी वर आणि एक मिशी खाली गेली, आणि तो रात्रभर एका बाजूने हसणारा मावळा झाला. त्याला भाला धरून निश्चल उभे राहायचे होते. त्याने तीन वेळा पाणी मागितले आणि दोन वेळा नको त्या गोष्टीची घाई झाल्याचे सांगितले.

रथ निघाला संध्याकाळी आणि आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायला रात्रीचा दीड वाजला. मी साडेदहापासून पहिल्या रांगेत उभी होते. रथ दिसू लागला तसा धाकट्याने खांद्यावर मान टाकली, म्हणून मी त्याला घरात निजवायला गेले. दोन मिनिटांत परत आले, तर रथ रामदेव गल्लीकडे वळला होता आणि मला दिसली ती फक्त मागची पताका. सकाळी घरी आल्यावर चिरंजीवांनी पहिला प्रश्न विचारला, "मी हललो काय?" मी सांगितले, "जरासुद्धा नाही." आज तो सव्वीस वर्षांचा आहे आणि ही हकिकत त्याला अजून ठाऊक नाही. तो हा धागा वाचत असेल तर, बाळा, नव्हतास हललेला, सगळेच सांगत होते.

कंपाउंडवरची_सून

आमच्या घरचा प्रकार वेगळाच आहे आणि तो सीमाभागातच घडू शकतो. माझ्या सासूबाई मराठी मालिका पाहतात. कंपाउंडपलीकडच्या अक्का कन्नड मालिका पाहतात. सकाळी तुळशीला पाणी घालताना दोघी भिंतीशी उभ्या राहून आदल्या रात्रीची गोष्ट एकमेकींना सांगतात. सासूबाई मराठीत बोलतात, अक्का कन्नडमध्ये बोलतात आणि कोणाचेही काही अडत नाही. "अत्ते" (सासू) आली, "सोसे" (सून) रडली, एवढे दोन शब्द कळले की बहुतेक मालिका कळतेच.

गेल्या पावसाळ्यात असे झाले की अक्कांनी सांगितले, तुमच्या मालिकेतल्या धाकट्या जावयाची नोकरी जाणार. पंधरा दिवसांनी ती गेली. मग त्या म्हणाल्या, थोरल्या मुलीला बाळ होणार, पण ते लपवतील. तेही झाले. सासूबाई इतक्या हादरल्या की त्यांनी अक्कांना माझ्या नणंदेच्या लग्नाचे विचारायला सुरुवात केली. अक्काही काही कमी नाहीत, त्यांनी डोळे मिटून "कार्तिकानंतर" असे सांगून टाकले.

शेवटी माझ्या लक्षात आले की वाहिनीवाल्यांनी एकच कथा दोन भाषांत काढली आहे आणि कन्नडमधली तीन महिने पुढे आहे. मी हे सासूबाईंना सांगितलेले नाही, कारण नणंदेचे लग्न खरेच कार्तिकानंतर ठरले. पत्राचे प्रकरण वाचून मला दाट शंका येते की अनगोळच्या ताईंची मालिकाही तीच आहे.

खानापूर_रोड

अक्कांची वेळ घ्यावी लागते का? माझ्या बदलीचे विचारायचे होते.

निवृत्त_मास्तर

कंपाउंडवरच्या सूनबाईंच्या प्रतिसादाला एक पुरवणी जोडतो. अशी देवाणघेवाण आजची नाही. १८४२ साली उत्तर कानडातल्या कर्कीची भागवत मंडळी सांगलीला खेळ घेऊन आली. तो खेळ पाहिल्यावर सांगलीच्या संस्थानिकांनी विष्णुदास भावे यांना तसे काही मराठीत करायला सांगितले आणि १८४३ मध्ये मराठी नाटक उभे राहिले. म्हणजे कानडी खेळ आधी आणि मराठी मागाहून, ही अक्कांची परंपरा जुनी आहे. त्याच १८४३ साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, ज्यांनी पुढे मराठी संगीत नाटक घडवले. आणि सुळेभावीत जन्मलेल्या शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ या कानडी मुलाला सगळा महाराष्ट्र कुमार गंधर्व म्हणून डोक्यावर घेतो. करमणुकीच्या बाबतीत इथल्या भिंती पहिल्यापासून कंपाउंडएवढ्याच उंच आहेत.

पुण्याहून_आलेली

मी लग्न होऊन शहापुरात आले त्याला अकरा वर्षे झाली. पहिल्या आठवड्यात सासूबाई "मी बाजाराला जाऊन येतो" म्हणाल्या, तेव्हा मी मागे वळून मामंजींना शोधले होते. आता मीही "येतो", "जातो" म्हणते. माहेरी गेले की भाऊ हसतो.

हे सांगायचे कारण म्हणजे मालिकांमुळे आमच्या घरात भाषेचे भांडण लागले आहे. माझी सहा वर्षांची मुलगी मालिका ऐकून "आजी, मी खेळायला जाते" म्हणू लागली. सासूबाईंनी मला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारले, "पोरगी अशी का बोलालीय? पुण्याला पाठवली होतीस काय?" मी पुण्याची असून मला पुणेरी मराठी घरात आणल्याचा आरोप टीव्हीवर ढकलावा लागला. बाकी मूळ प्रश्नाचे उत्तर असे की, मी एकही मालिका पूर्ण पाहिलेली नाही. मुलीचा कार्टूनचा बैल मात्र सगळा पाठ आहे.

सरळ_हिशेब

मी वर जरा कडक लिहिले होते, म्हणून पुन्हा लिहितो आहे. काल रात्री आईला येळ्ळूरला फोन केला आणि विचारले की, तू कोणती मालिका पाहतेस. ती म्हणाली, साडेआठची पाहते, चांगली आहे. शेवट कसा झाला असे विचारले, तर म्हणाली, "शेवट कुठला बघायला मिळतोय? पावणेनऊला तुझा फोन येतो, मग मी आवाज बंद करते." मी गेली सहा वर्षे रोज पावणेनऊलाच फोन करतो. आजपासून सव्वानऊला करणार आहे. अनगोळच्या ताई, माझा हिशेब चुकला.

वडगावची_मागवाली

दादा, सव्वानऊला दुसरी मालिका असते. आधी विचारून घ्या.

अनगोळची_आई

मंडळी, तुमच्या प्रतिसादांनी धीर आला आणि मी काल एक प्रयोग केला. पत्र उघडण्याचा भाग आहे, असे चार दिवस जाहिरातीत सांगत होते. मी जाहीर केले की आज सात वाजता मी सोफ्यावर बसणार आणि स्वयंपाक हे करतील. यांनी फार कुरकुर केली नाही. कुकर लावता येतो, असे त्यांचे म्हणणे होते.

सात वाजता मी बसले. पहिली गोष्ट म्हणजे मोठी सून उंच नाही, सडसडीत नाही आणि तिचे नाक अगदी साधे आहे. गोल चेहऱ्याची पोरसवदा मुलगी आहे हो ती! मुलीच्या शिकवणीच्या बाई तिच्याहून थोराड दिसतात. तो थंड आवाज त्या तोंडातून निघताना पाहून मला पहिली पाच मिनिटे दुसऱ्या कोणीतरी मागून बोलते आहे असे वाटत होते. मागवाली ताई, तुम्ही सांगणार होता ते हेच ना? दुसरी गोष्ट म्हणजे आतून दर दोन मिनिटांनी प्रश्न येत होते. "आता कोण आलं?" "ती काळ्या साडीतली काय?" काळ्या साडीत कोणीही नव्हते. यांनीही फ्रिजमागे उभे राहून स्वतःची एक बाई तयार केली होती.

मग पत्र निघाले. घडी उलगडली. संगीत वाढले. सासरे म्हणाले, "हे पत्र दुसऱ्या कोणी नाही, तर—" आणि आमच्या कुकरची शिट्टी झाली. एक नव्हे, लागोपाठ दोन. हे मालिका ऐकण्यात गुंगले आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. ती सातवी-आठवी असावी, डाळीचे पीठ झाले. सगळ्यांनी दचकून आत पाहिले. आत्तींच्या मते "मामाने" असे म्हटले, मुलीच्या मते "नानाने". मुलाच्या कानांत बोंडे होती. आतून यांनी विचारले, "कोण म्हणाले गे?" आणि आजच्या भागाच्या सुरुवातीला तो प्रसंग परत न दाखवता थेट पोलीस आणले आहेत.

आता माझी प्रतिज्ञा मोडते. कंपाउंडवरच्या सूनबाई, तुमच्या अक्कांची मालिका तीन महिने पुढे आहे ना? पत्र कोणी लिहिले, तेवढे त्यांना विचाराल का?

कंपाउंडवरची_सून

ताई, आज सकाळी मुद्दाम भिंतीशी जाऊन विचारले. अक्का बराच वेळ आठवत राहिल्या आणि मग म्हणाल्या की, तो भाग लागला तेव्हा त्या आत जोंधळ्याच्या रोट्ट्या बडवत होत्या.